सखूच्या नावाचा गोऱ्हा

शेजारच्या रुख्माबाईच्या पालकात गोऱ्हा शिरला की दौलतरावांना ते अंथरुणातच कळायचं. आधी कुत्रं भुंकायचं, मग टिनाचा डबा वाजायचा आणि त्यामागून रुख्माबाईचा आवाज यायचा.

"आली वो माय, सखू आली! निंघ, निंघ म्हनते ना! काल पोट नाई भरलं का तुह्यं?"

दौलतराव उठून बसायचे. चूळ भरायच्या आधीच त्यांचं डोकं फिरलेलं असायचं. काठी घेऊन ते दोघांच्या वावरांमधल्या धुऱ्यापर्यंत पोचायचे, तोवर गोऱ्हा तोंडात पालक घेऊन शांतपणे नाल्याकडे चाललेला असायचा आणि रुख्माबाई पदर खोचून उभी असायची. ती काही बोलायची नाही. दौलतरावही बोलायचे नाहीत. तुडवलेल्या वाफ्याकडे एकदा बघायचं आणि परत यायचं.

सखू हे दौलतरावांच्या बायकोचं नाव. तिला जाऊन पाच वर्षं झाली होती. पालक खायचा तो तिच्या तेरवीला सोडलेला गोऱ्हा. आता तो गोऱ्हा कसला, दांडगा पांढरा सांड झाला होता, वशिंड माणसाच्या छातीला लागेल एवढं. पण गावात नाव एकदा पडलं की पडलं. सुरुवातीला लोक 'सखूबाईच्या नावाचा गोऱ्हा' म्हणायचे. एवढं लांबलचक कोण म्हणत बसणार? वर्षभरात त्याचं 'सखूचा' झालं आणि पुढं नुसतंच 'सखू'.

मग दिवसभर तेच. सखू नाल्यात बसला. सखूनं टमाट्याचं वावर तुडवलं. सखू अच्युतच्या जर्सी गायीवर चढला. हे शेवटचं तर पोरं मुद्दाम पारावर बसून मोठ्यानं बोलायची. दौलतरावांनी एकदा सगळ्यांना हात जोडून सांगितलं होतं, बाबांनो, त्याला राजा म्हणा, शंकर म्हणा, काहीही म्हणा. लोकांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी पुन्हा सखू.

पुरुषमाणसं निदान 'सखू आला, सखू गेला' म्हणायची. रुख्माबाई मात्र 'आली, गेली' म्हणायची. हे दौलतरावांना सगळ्यात जास्त लागायचं. मेलेल्या बाईचं नाव घेऊन, तेही असं रोज सकाळी, गाव जागं व्हायच्या वेळी. या बाईला जरा म्हणून लाज नसावी?

खरं तर सगळा घोळ तेरवीच्या दिवशीच झाला होता.

गावातल्या बुवांनी सांगितलं होतं की बाईमाणसाच्या नावानं गाय देतात, गोऱ्हा सोडतात तो पुरुषाच्या नावानं. घरात गाय एकच, बगळी. गवळाऊ जातीची, नावासारखीच पांढरी. सखूबाईनं तिला स्वतःच्या हातानं वाढवलेलं. बगळीला दुसऱ्या कुणाचा हात चालायचा नाही. सखूबाई दवाखान्यात होती तेव्हा गाय पान्हा चोरायची, आणि दौलतराव कोठ्यात बसून तिच्याशी सखूबाईच्या आवाजात बोलायचा प्रयत्न करायचे. ती गाय देऊन टाकायची? दौलतराव म्हणाले, गाय देणार नाही. तिचा गोऱ्हा घ्या.

बुवांनी नाराजीनं का होईना, हो म्हटलं. मग डागायची वेळ आली. सोडलेल्या गोऱ्ह्याच्या पुठ्ठ्यावर तापलेल्या लोखंडानं त्रिशूळ उठवतात. तो डाग असला की जनावर देवाचं. मग त्याला कुणी बांधत नाही, जुंपत नाही, वावरात शिरलं तर हाकलतात, पण मालक शोधत फिरत नाहीत. लोखंड लाल झालं होतं. चौघांनी गोऱ्ह्याला धरलं होतं. वर्षभराचं ते वासरू दौलतरावांकडे बघत होतं. जन्मलं तेव्हा ते श्वास घेत नव्हतं. सखूबाईनं पोत्यानं घासून घासून, नाकात काडी घालून त्याला जिवंत केलं होतं. दौलतराव पुढं झाले आणि बुवांचा हात धरला. डाग नको म्हणाले. हळदीचा हात उमटवा, तेवढं पुरे.

हळदीचा हात उमटवला. दोन दिवसांत तो निघून गेला.

तेव्हा कुणी काही बोललं नाही. नुकतीच बायको गेलेल्या माणसाला कोण बोलणार? पण गाय द्यायची ती दिली नाही आणि गोऱ्हा सोडायचा तो धड सोडला नाही. दोन्ही कामं अर्धी केली. त्याचा त्रास पुढं पाच वर्षं झाला.

डाग नसल्यामुळे गोऱ्हा कुणाचा हेच ठरेना. पिकात शिरला की लोक दौलतरावांच्या दारात यायचे, तुमचा सांड आवरा म्हणायचे. दौलतरावांनी वैतागून त्याला खुंट्याला बांधलं तर तेच लोक म्हणायचे, देवाला दिलेलं परत घेता का? आणि कुणाची गाय माजावर आली की मग तो कुणाचाच नसायचा. गाय नाल्याकडे न्यायची, सांड तिथंच असायचा, काम झालं की गाय घेऊन गुपचूप घरी. भाजी खाल्ली तर दौलतरावांचा, गाय भरली तर देवाचा.

दौलतरावांनी उपाय केले नाहीत असं नाही. वर्ध्याकडच्या एका गोशाळेत विचारलं. तिथले म्हणाले, सांड नको, आहेत तेच एकमेकांना मारतात. एका सरकारी वळू केंद्रावर गेले. तिथल्या साहेबानं चांगलं बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, याच्या आईचं दूध किती? दौलतराव गडबडले. सखूबाई गडव्यात दूध काढायची, वासराला सोडायची, उरलेलं घरात, आणि गल्लीत कुणाच्या घरी पोर आजारी असलं की तिकडं. ते कोण मोजणार? साहेब म्हणाले, नोंद असल्याशिवाय आम्ही घेत नाही. एकदा तर दौलतराव त्याला बोरच्या जंगलाच्या कडेपर्यंत घेऊन गेले आणि सोडून आले. अर्ध्या वाटेत वाघ आठवला. परत फिरले, ओरडून ओरडून घसा बसला. सांड काही दिसला नाही. थकून घरी आले तर तो कोठ्याबाहेर बगळीच्या भिंतीला टेकून रवंथ करत बसलेला.

तिथंच तो रोज बसायचा. दिवसभर गावभर फिरला तरी दिवेलागणीला जन्माच्या जागी यायचा. मधे फक्त बांबूचं फाटक.

दुसरं दुखणं बगळीचं होतं. सखूबाई गेल्यावर ती एकदा व्याली, ती कालवड जगली नाही. त्यानंतर ती राहीचना. हिंगणीहून रुपेश यायचा. मोटरसायकलला मागं थंड टाकी बांधलेली, तिच्यातून वीर्याची कांडी काढायची, हातात कोपरापर्यंत प्लास्टिकची पिशवी चढवायची आणि पाच मिनिटांत काम. तीन आठवड्यांनी बगळी उलटायची, म्हणजे पुन्हा माजावर यायची. पुन्हा रुपेश, पुन्हा कांडी.

रुपेश म्हणायचा, काकाजी, तुम्ही उशिरा बोलावता. माज ओसरल्यावर कांडी भरून काय फायदा? दौलतरावांना ते ऐकून राग यायचा. रुपेशचा नाही, स्वतःचा. कारण बगळी हंबरणारी गाय नव्हती. तिचा माज मुका होता. सखूबाईला तो कसा कळायचा कोण जाणे. पहाटे शेण काढताना ती एकदम म्हणायची, आज बगळीचं मन नाही. आणि तसंच असायचं. दौलतराव आता रोज पहाटे कोठ्यात उभे राहून गायीचं तोंड बघायचे, शेपूट बघायचे, मागून सोट, म्हणजे माजाचा चिकट स्राव, गळते का ते बघायचे. कधी काहीच कळायचं नाही, कधी कळायचं ते शेपटीला वाळलेलं बघून. शेजारचे हसायचे. दौलतराव गायीचं मन वाचतात म्हणायचे.

मग पावसाळ्यात बगळी उलटायची थांबली. दिवाळीच्या आसपास तिची कूस भरल्यासारखी वाटली. दौलतरावांनी रुपेशला बोलावलं. रुपेशनं पिशवी चढवून हात आत घातला, डोळे मिटून चाचपलं आणि म्हणाला, "काकाजी, पेढे काढा. गाभन हाय."

दौलतरावांनी बगळीच्या कपाळावर हात ठेवला. तिनं मान काढून घेतली. तरी त्यांना बरं वाटलं. चहा ठेवतो म्हणून ते आत जात होते, तेवढ्यात रुपेशनं पुन्हा हात घातला.

"चार महिन्याचं वाटते," तो म्हणाला. "पन मी तं मागच्या कांडीले चैत्रात आलतो. त्याच्यानंतर तुमी बोलावलंच नाई."

रुपेशनं हात बाहेर काढला, पिशवी उलटी करून टाकली. कोठ्याच्या कोपऱ्यातलं फाटक त्यानं पाहिलं. खालचे दोन बांबू मोडलेले होते, ते नंतर तारेनं बांधलेले होते. फाटकापलीकडे, नेहमीच्या जागी, सांड बसलेला होता.

रुपेशनं हात धुतले. चहा पिताना एवढंच म्हणाला की जनावराला माय-लेक कळत नाही, त्यात त्याचा दोष नाही. पण असं झालं की वासरू दुबळं निघू शकतं. आणि गोष्ट एका बगळीची नाही. गावात मागच्या दोन-तीन वर्षांत जेवढ्या कालवडी झाल्या त्यातल्या बऱ्याच याच्याच. त्या आता माजावर यायला लागल्या. त्यांनाही हाच भेटणार. सांड कितीही चांगला असला तरी एका गावात इतकी वर्षं ठेवत नाहीत. माझ्या सासुरवाडीला, समुद्रपूरच्या पुढं, सांडच नाही, लोक चांगल्या गवळाऊसाठी फिरून राहिलेत. तुम्ही म्हणत असाल तर बोलतो.

दौलतराव हो म्हणाले नाहीत की नाही म्हणाले नाहीत. ही गोष्ट बाहेर बोलू नको, एवढंच त्यांनी रुपेशला सांगितलं. रुपेश गेल्यावर त्यांनी काठी उचलली, फाटकाबाहेर गेले आणि सांडाच्या पाठीवर दोन ठेवून दिल्या. सांडानं कातडं थरथरवलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि बसून राहिला. दौलतरावांनी काठी फेकली. मारायचं तरी कुणाला? फाटक त्यांचं, तार त्यांनीच बांधलेली, ढिली.

त्याच आठवड्यात गावात शिबिर लागलं. पशुवैद्यकीय दवाखान्याची गाडी येणार, मोकाट सांडांना बधिया, म्हणजे खच्ची करणार. गावात मोकाट सांड एकच होता. सरपंचांनी दवंडीसारखं सगळ्यांना सांगून टाकलं की यावेळी सखूचा सोक्षमोक्ष लावायचा. वैभवचा फोन आला. वैभव म्हणजे दौलतरावांचा मुलगा, वर्ध्याला एका कार्यालयात कारकून, राहायला सिंदी मेघेला, बायको मंजुषा तिथंच शाळेत शिकवायची. त्यालाही कुणीतरी कळवलं होतं. तो म्हणाला, बाबा, होऊन जाऊ द्या. आईच्या नावाचा रोज तमाशा होतो, मला लोक विचारतात, मंजुषाच्या शाळेत सुद्धा कुणीतरी विचारलं. बैल झाला की गप पडेल. दौलतराव म्हणाले, बरं. फोन ठेवल्यावर त्यांना वाटलं, हा आपल्याला विचारत नव्हता, सांगत होता. जेवायला बसले ते तसेच उठले.

शिबिराच्या दिवशी सेलूचा बाजार होता, त्यामुळे बायका भाजी घेऊन गेलेल्या. शाळेमागच्या लिंबाखाली पुरुष जमलेले. अच्युत, सरपंच, पारावरची पोरं, सगळे होते. सांडाला धरायला चार जण दोर घेऊन तयार होते. त्यांची गरज पडली नाही. दौलतराव पुढं चालत आले आणि सांड मागून आला. गळ्यात दोर, तोही ढिला. लिंबाला बांधून घेतलं तरी तो हलला नाही.

"दौलतभाऊ, आज तुमची सखू सरळ होते पाहा," मागून कुणीतरी म्हणालं. पोरं फिसफिसली.

डॉक्टर मॅडम गाडीतून मोठा लोखंडी चिमटा काढत होत्या. त्यानं नस दाबली की झालं, रक्तही येत नाही. तेवढ्यात गर्दीतून बुवा पुढं आले. म्हाताऱ्याच्या हातात तेच त्रिशूळाचं लोखंड होतं. घरून आठवणीनं आणलेलं. अजून वेळ गेली नाही, बुवा म्हणाले. डाग द्या, देवाचा होऊ द्या, मग सरकारही हात लावत नाही. सरपंच चिडले. देवाचा झाला तर आमच्या टमाट्याचं काय? बुवा म्हणाले, देवाच्या नावानं सोडलेल्याला बधिया केला तर गावाचं काय? दोघांचं जुंपलं. अच्युत मधे पडला, तर त्याच्यावर दोघं उलटले, कारण त्याची गाय याच्याचपासून गाभण होती हे सगळ्यांना ठाऊक होतं.

डॉक्टर मॅडम ते भांडण ऐकत सांडाभोवती फिरल्या. पाय पाहिले, अंड चाचपलं, पाठीवरून हात फिरवला. जनावर चांगलं आहे म्हणाल्या. असा गवळाऊ आता दिसत नाही. पण मालकानं सांगितल्याशिवाय त्या चिमटा लावणार नव्हत्या. त्यांनी सरळ विचारलं, सांड कुणाचा?

सगळे दौलतरावांकडे बघायला लागले. सरपंच म्हणाले, "हां, सांगा. तुमचा का देवाचा? आज एक काय ते सांगून टाका."

दौलतरावांना चिमटा दिसत होता आणि लोखंडही दिसत होतं. पाच वर्षं त्यांना हाच प्रश्न विचारला जात होता आणि पाच वर्षं ते खाली मान घालत होते. आताही मान खालीच होती. पण बोलले.

"देवाचा नाई आन् माहाबी नाई," ते म्हणाले. "माही बगळी गाभन हाय. ते ह्याच्यापासून हाय. ह्याच्या मायले ह्याच्यापासून."

फिसफिसणारी पोरं जमिनीकडे बघायला लागली.

"तुमच्या कोठ्यातबी ह्याच्याच पोरी हायेत. उद्या त्यायचंबी तेच होईन. चिमटा लावला तं जनावराले शिक्षा होते, डाग दिला तं गावाले. मी ह्याले इथून नेतो. समुद्रपूरकडं. रुपेशले बोललो मी."

रुपेशला ते बोलले नव्हते. रुपेश कडेला उभा होता, त्यानं लगेच मान डोलावली. डॉक्टर मॅडमनी चिमटा गाडीत ठेवला आणि हे सगळ्यात बरं म्हणाल्या. बुवा लोखंड पंच्यात गुंडाळून घरी गेले. कुणी दौलतरावांना टोमणा मारला नाही. तेही त्यांना आवडलं नाही. त्या दिवशी त्यांना काहीच आवडलं नाही.

दुपारीच रुपेशनं पिकअप ठरवली. सांडाला वर चढवायला थोडा वेळ लागला. तो फळीवर पाय ठेवायचा आणि परत घ्यायचा. शेवटी दौलतराव आधी चढले, मग तो चढला. वर्धा, हिंगणघाट, मग समुद्रपूर आणि तिथून आत कच्चा रस्ता. दौलतराव मागं त्याच्यापाशीच उभे राहिले. दोन्ही बाजूंनी कपाशी फुटलेली होती.

त्या गावात लोक वाट बघत होते. दोघी बायकांनी पायावर पाणी टाकलं, कुंकू लावलं. एका म्हाताऱ्यानं वशिंडावर हात फिरवला आणि समाधानानं खाकरला. खायला सरकीची ढेप ठेवली होती, कुटार ठेवलं होतं. कुणीतरी विचारलं, याला हाक काय मारता?

दौलतरावांनी हे वाटेतच ठरवून ठेवलं होतं.

"नाव नाई ठेवलं," ते म्हणाले.

मग रुपेशच्या गावावरून हिंगणीवाला म्हणू, असं लोकांनी तिथल्या तिथं ठरवलं. दौलतरावांनी दोर सोडून घेतला, पिशवीत घातला आणि एसटीनं परत आले. बस सुटताना त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी तिथून काही दिसलं नसतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते नेहमीच्या वेळी जागे झाले. कुत्रं भुंकलं नाही. डबा वाजला नाही. पालक शाबूत. दौलतराव अंथरुणातच पडून राहिले. बरं वाटायला पाहिजे होतं. चार-पाच दिवस असेच गेले. पारावर पोरं क्रिकेटचं बोलत होती. नाल्यात म्हशी बसत होत्या. कुणाचं टमाट्याचं वावर तुडवलं गेलं नाही. संध्याकाळी भाकरी थापताना एकदम त्यांच्या लक्षात आलं की त्या दिवशी सकाळपासून सखूचं नाव कुणीच घेतलं नव्हतं. आदल्या दिवशीही नाही. त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. वैभव फोनवर आई म्हणायचा, तेही काम असलं तर. बाकी कोण घेणार? भाकरी तव्यावर करपली. त्यांनी ती बगळीला टाकली आणि तिनं हुंगून सोडून दिली, तेव्हा विनाकारण तिच्यावर ओरडले.

रुख्माबाई आठवडाभरानं दारात आली. बाजारातून तशीच आली होती, डोक्यावर रिकामी टोपली. आत ये म्हटलं तरी आली नाही.

"भाऊजी, सखूले कुठं टाकून आले?"

दौलतरावांचं डोकं भडकलं. तिचा पालक वाचला, रोजचं ओरडणं वाचलं, आणि वर ही विचारायला आली.

"तुले काय करायचं?" ते म्हणाले. "तूच तं रोज बोंबलत होती. माह्या बायकोच्या नावानं गाव उठवत होती. आता नाई ना येत? मंग झालं."

"मले इचारलं काऊन नाई?"

"तुले काऊन इचारू?"

रुख्माबाईनं टोपली खाली ठेवली.

"बोंबलत होती तं," ती म्हणाली. "ते जित्ती होती तवाबी बोंबलतच होती मी. ह्या धुऱ्यावर आमचं रोज भांडन. तिचं पानी माह्या वाफ्यात, माही कोंबडी तिच्या सांबाराच्या वाफ्यात. भांडन करून करून संगच बाजारात जात होतो आमी. ते मेली, मंग मी सकाळी उठून कोनासंग भांडू? तुमच्यासंग? तुमी तं तोंडच उघडत नाई."

रुख्माबाईनं टोपली उचलली. जाता जाता म्हणाली, "नेलं तं नेलं. सांगून तं न्यायचं."

त्यानंतर दहाएक दिवसांनी तिची लाल जर्सी व्याली. गावात तिनं सांगून ठेवलं होतं की रुपेशच्या कांडीचं आहे, चांगल्या जर्सीचं. कालवड झाली ती पांढरट. लांब तोंड, बदामासारखे डोळे, शेपटीचा गोंडा काळा. बघायला आलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. रोज सकाळी सांडाला हाकलणारी रुख्माबाई स्वतःची गाय कोणत्या दुपारी नाल्यावर घेऊन गेली होती ते कुणी विचारलं नाही. रुपेशनं येऊन कालवड पाहिली. एवढंच म्हणाला, मावशी, माझ्या कांडीला असं होत नाही.

दौलतराव बघायला गेले नाहीत. बगळीचं पोट आता चांगलं सुटलं होतं. त्यांनी फाटक नवीन करून घेतलं, जाड बांबूचं, तार नाही, खिळे मारून. रोज पहाटे ते बगळीजवळ उभे राहायचे. पोटावर हात ठेवला की आतलं हलायचं. दुबळं निघालं तर पोत्यानं घासायचं, नाकात काडी घालायची, हे त्यांनी डोक्यात पक्कं करून ठेवलं होतं. सखूबाईनं पोतं कसं धरलं होतं तेवढं नीट आठवत नव्हतं.

माघात एके दिवशी ते असेच कोठ्यात होते. बाहेर धुकं होतं. एकदम कुत्रं भुंकलं. टिनाचा डबा वाजला.

"आली वो माय! सखू! निंघ! अवो निंघ म्हनते ना! माह्याच घरचं खाते आन् मलेच डोये दाखवते!"

दौलतरावांनी सवयीनं काठी उचलली आणि तरातरा धुऱ्यापर्यंत गेले. पालकाच्या मधोमध तीन महिन्यांची पांढरी कालवड उभी होती. गळ्यातलं तुटकं दावं वाफ्यात लोळत होतं. खाण्यापेक्षा तिनं तुडवलंच जास्त होतं. रुख्माबाई डबा घेऊन तिच्याभोवती धावत होती आणि कालवड तिला चुकवून पुन्हा त्याच वाफ्यात येत होती.

रुख्माबाईनं दौलतरावांना पाहिलं.

"पाहून काय राह्यले, भाऊजी? हाकला ना तिले."

"तुह्यी हाय," दौलतराव म्हणाले. "तूच हाकल."

त्यांनी काठी धुऱ्यावर आडवी ठेवली आणि तिथंच खाली बसले. रुख्माबाईनं त्यांना एक शिवी घातली, कालवडीला एक घातली आणि पुन्हा सखूच्या मागं धावली.